येऊरच्या वाटेने राष्ट्रीय उद्यानात: मित्रांसोबतच्या पायी भटकंतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात राहून येऊरच्या जंगलात अनेक वर्षे पायी फिरल्यामुळे ओळखीपाळखीतले लोक दर हिवाळ्यात तेच ते प्रश्न घेऊन येतात. कोणी वर्तकनगरचा असतो, कोणी कोपरीचा, कोणी ऐरोली-वाशीहून चार मित्र जमवून येणारा असतो. पाठीला सॅक लावून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरण्याची हौस सर्वांना असते. पण हे जंगल कोणाचे आहे आणि तेथे आपला वेळ कोणता, याची माहिती फार थोड्यांना असते. म्हणून ही उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर बोरिवलीला आहे. मग त्याचा ठाण्याशी काय संबंध?

बोरिवलीचे प्रवेशद्वार प्रसिद्ध असल्यामुळे हा समज झाला आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो. ठाण्यातील उपवन तलावामागे येऊरची जी डोंगररांग दिसते, ती या उद्यानाचीच पूर्वेची बाजू आहे. वसई खाडीच्या उत्तरेला असलेला नागला हा भागही उद्यानातच मोडतो, आणि तेथून जंगलाचा धागा पुढे तुंगारेश्वर अभयारण्याला मिळतो. उद्यानाच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला, आणि दोन्हींचे पाणी आजही मुंबईला पुरवले जाते. या तलावांभोवतीचे रान पाण्यासाठी राखले गेले आणि त्यामुळेच एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी ते टिकले, ही गोष्ट येथे पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

येऊरच्या जंगलात तंबू ठोकून रात्री राहता येते का?

नाही. सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर दरवेळी हेच असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील अभयारण्यातील प्रवेशाविषयीचे नियम कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. कलम २७ प्रमाणे कामावरील शासकीय कर्मचारी, परवानगी मिळालेल्या व्यक्ती, ज्यांची तेथे स्थावर मालमत्ता आहे असे लोक व त्यांच्यावर अवलंबून असणारे, आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे वाटसरू, एवढ्यांनाच आत जाता येते. कलम ३० नुसार आत आग लावणे किंवा जळती वस्तू धोकादायक रीतीने टाकून जाणे हा गुन्हा आहे, त्यामुळे शेकोटीचा विचार घरीच सोडून द्यावा. कलम २७ मध्येच वन्य प्राण्यांना त्रास देण्यास आणि जमिनीवर कचरा टाकण्यासही मनाई आहे. म्हणजे चिप्सचे रिकामे पाकीट झुडपात भिरकावणे हीसुद्धा केवळ असभ्यपणाची बाब राहत नाही, तो कायद्याचा भंग ठरतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने व त्याच्या मित्रांनी ‘राष्ट्रीय उद्यानात तंबू, शेकोटी आणि चांदणे’ अशी जाहिरात पाहून एका आयोजकाकडे पैसे भरले होते. संध्याकाळी तपासणी नाक्यावरून त्यांना परत पाठवण्यात आले, आयोजकाने फोन उचलला नाही आणि पैसेही परत आले नाहीत. अशी जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न एकच विचारावा: वनखात्याची लेखी परवानगी कोणाच्या नावाने आहे? तेथेच बहुतेक वेळा उलगडा होतो.

दिवसा जायचे असेल तर परवानगी कोणाकडून घ्यावी?

येऊर वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात गटातील सर्वांची नावे, ओळखपत्रे, जाण्याचा दिवस व हेतू लिहून अर्ज करावा. कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना देता येतो. अर्ज निदान आठवडाभर आधी करावा आणि वनरक्षक किंवा वाटाड्या सोबत मिळावा अशी विनंती त्यातच करावी. ज्या वाटेची परवानगी मिळेल तीच वाट धरावी. पाड्यांपर्यंत जाणारा डांबरी रस्ता वेगळा आणि त्याच्या कडेने आत शिरणाऱ्या पायवाटा वेगळ्या. रस्त्यावर कोणी अडवले नाही म्हणून पायवाटही मोकळी आहे असे समजू नये. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचे केंद्र आहे, त्याच्या हद्दीजवळ थांबू नये आणि तेथे छायाचित्रे काढू नयेत.

मुक्काम नाही, मग पाठीवर मोठी सॅक कशासाठी?

मोठी नकोच. वीस ते पंचवीस लिटरची सॅक दिवसभरासाठी पुरते. तिचे पहिले काम पाणी वाहून नेण्याचे आणि दुसरे काम सर्व कचरा परत आणण्याचे. दुसऱ्या कामाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून आमच्या गटात प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक रिकामी कापडी पिशवी सक्तीची आहे, आणि ती परतताना रिकामी आली तर समाधानापेक्षा शंकाच जास्त घेतली जाते.

गट किती जणांचा असावा?

चार ते आठ. चारपेक्षा कमी असतील आणि एकाचा पाय मुरगळला, तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि दोघांनी मदत आणायची हा हिशेब बसत नाही. आठांच्या पुढे गेले की आवाज वाढतो, ओळ लांबते आणि पुढच्याला मागच्याचा पत्ता राहत नाही. वाट ठाऊक असलेला सर्वांत पुढे, दुसरा अनुभवी माणूस सर्वांत मागे आणि सर्वांत हळू चालणारा पुढच्याच्या पाठोपाठ, अशी रचना ठेवावी. हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवले की तो धापा टाकत पोहोचतो तोवर बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, आणि त्याला मात्र दिवसभर विश्रांती मिळतच नाही.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी थोडी थंडी असते, वाटा वाळलेल्या असतात आणि पक्षी भरपूर दिसतात. फेब्रुवारीच्या शेवटी पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. त्या वेळी पाने गळून उघड्या पडलेल्या काटेसावरीखाली दहा मिनिटे गप्प उभे राहिले, तर तांबड्या फुलांतील मधासाठी येणारे मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि मधूनच एखादे माकड, असा सगळा बाजार डोक्यावर भरलेला दिसतो. फुले टपटप खाली पडत राहतात, आणि ती इतकी मांसल असतात की पाचोळ्यावर पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. गर्दीच्या गटाने हे कधी अनुभवता येत नाही.

पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलपाखरांचे दिवस असतात. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉर्मन, तेव्हा येथे सहज दिसते. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक रीतीने फुलते, नंतर ती झुडपे वाळतात आणि त्यांच्याच बियांतून नवी पिढी उगवते. फुललेल्या वर्षी कारवीत घुसून छायाचित्रे काढणारे लोक पुढच्या आठ वर्षांचे बी पायाखाली तुडवत असतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मार्चनंतर अकराच्या आत परत फिरावे.

पावसाळ्यात ओढ्यांवर आणि धबधब्यांवर जाता येईल का?

माझे मत स्पष्ट आहे: जाऊ नये. येऊरचे ओढे लहान दिसतात आणि तोच त्यांचा धोका आहे. डोंगराच्या वरच्या अंगाला जोराची सर कोसळली की खाली कोरडे असतानाही पाणी अचानक वाढते, आणि गुडघाभर पाणी वेगात असले तर धडधाकट माणसाला पाडते. काळ्या कातळावर शेवाळे असते, डोहांची खोली वरून कळत नाही आणि ओढा ओलांडून गेलेला गट पलीकडेच अडकून पडतो. दरवर्षी कोणा ना कोणाच्या घरी ही बातमी जाते. धोक्याच्या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते ते याचसाठी.

ठाण्याहून आणि नवी मुंबईहून पोहोचावे कसे?

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला सॅटिसवरून, म्हणजे स्थानकालगतच्या उंचावरील बसथांब्यावरून, उपवनकडे जाणारी टीएमटीची (ठाणे महापालिका परिवहन सेवेची) बस मिळते, आणि येऊरच्या पाड्यांपर्यंतही बस जाते. वाशी, बेलापूर, पनवेलकडच्यांनी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरावे. स्वतःच्या गाड्या नेण्याचा मोह टाळावा. वर गाड्या लावायला जागा कमी आहे, चढणीवर वळणे अरुंद आहेत, आणि पहाटे रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यांना सर्वांत मोठा धोका भरधाव गाड्यांचाच असतो. उपवनपासून चालतच चढावे. तेवढ्या चढणीत कोणाची तयारी किती आहे हे कळून येते आणि परत फिरायचे असेल तर लवकर फिरता येते.

येऊरहून जंगलातून थेट कान्हेरीच्या लेण्यांना किंवा बोरिवलीला चालत जाता येते का?

नकाशावर अंतर थोडे दिसते, म्हणून हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. मधला भाग उद्यानाचा गाभा आणि तुळशी तलावाचे पाणलोट क्षेत्र आहे. तेथे विनापरवाना शिरणे बेकायदा तर आहेच, शिवाय वाट चुकण्याचे प्रमाणही तेथे मोठे आहे, कारण गुरांच्या ये-जा करण्याने पडलेल्या ढोरवाटा मुख्य पायवाटेसारख्याच मळलेल्या असतात आणि एखाद्या करवंदीच्या जाळीत नेऊन सोडतात. सुमारे ४८० मीटरपर्यंत उठणाऱ्या या डोंगरांत एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर गेल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात आपण उलट दिशेला उतरत असतो. इतरांच्या मोबाइलमधील नोंदवलेली वाट पाहून निघालेले गट अंधार पडल्यावर मदतीसाठी फोन करतात आणि मग वनरक्षक, पाड्यांवरची माणसे, अग्निशमन दलाचे जवान अशा सर्वांना रात्रभर रानात फिरावे लागते.

मग कान्हेरी कशी पाहावी?

तिच्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बसने बोरिवलीला जावे आणि मुख्य प्रवेशद्वारातून तिकीट काढून आत शिरावे. सोमवारी उद्यान बंद असते. प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे येतात, म्हणजे आपल्याच परिसरातील व्यापाऱ्यांनी ही लेणी कोरण्यास दान दिले होते.

पायी फिरणाऱ्याने मात्र आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे पाण्याच्या पोढी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके आहे, आणि छतावरून व उतारावरून पाणी त्यात नेण्यासाठी बोटभर रुंदीचे पन्हळ कोरलेले आहेत. जुलैत एका ओसरीत पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलो असताना त्या पन्हळातून पाणी वळणे घेत टाक्यात पडताना मी पाहिले आहे. ते खोदणाऱ्यांना डोंगराचा उतार तळहातासारखा माहीत होता.

सॅकमध्ये काय काय घ्यावे आणि ती कशी भरावी?

पाणी, डबा, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एक जादा मोज्यांचा जोड, विजेरी, शिट्टी, छोटी प्रथमोपचार पेटी, ओळखपत्र, परवान्याची प्रत, थोडी रोख रक्कम आणि कचऱ्याची पिशवी. सर्व मिळून वजन पाच-सहा किलोच्या पुढे जाऊ नये, आणि त्यात निम्मे वजन पाण्याचेच असावे. दिवसा परत यायचे असले तरी विजेरी घ्यावीच. मोबाइलचा उजेड हा मोबाइलची बॅटरी संपवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

भरताना जड वस्तू पाठीच्या अगदी लगत आणि खांद्यांच्या जरा खाली येतील अशा ठेवाव्यात. बाटल्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्या की वजन पाठीपासून लांब जाते, सॅक मागे ओढते, माणूस नकळत पुढे झुकून चालतो आणि दुपारपर्यंत कंबर दुखू लागते. एका बाजूला दोन बाटल्या आणि दुसऱ्या बाजूला टॉवेल, असेही करू नये. सॅक भरून झाली की ती पाठीला लावून इमारतीचे चार जिने चढ-उतर करून पाहावेत. जे काही खुपणार, टोचणार किंवा खडखडणार असेल ते तेथेच समजते. बूट नवे असतील तर निदान दोन आठवडे आधीपासून वापरावेत. रंग मळखाऊ, हिरवट किंवा तपकिरी असावेत आणि अत्तर लावू नये, कारण उग्र वासाने आग्या मोहोळाच्या माश्या चिडण्याची भीती असते.

पाणी किती लागते? वाटेत मिळते का?

हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. वाटेत मिळेल असे गृहीत धरू नये आणि ओढ्याचे पाणी पिऊ नये. वाहते पाणी स्वच्छ असते ही समजूत चुकीची आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पाण्यातून आणि चिखलातूनच होतात, म्हणून पायाला जखम असेल तर पाण्यात उतरणेही टाळावे.

याबाबतीत मी स्वतः चुकलो आहे. एका एप्रिलमध्ये आम्ही पाच जण माणशी दोनच बाटल्या घेऊन निघालो. साडेदहाला पाणी संपले, आणि परतीच्या उतारावर एका मित्राच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला उभे राहता येईना. त्याला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही जवळच्या पाड्यापर्यंत आलो. एका घराच्या अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती आणि एक म्हातारी ती हाताने पसरत होती. मी म्हणालो, “आजी, थोडं पाणी मिळेल का?” तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, “आधी सावलीला बसवा त्याला. तापल्या अंगानं घटाघटा पिऊ नका.” मग माठातले पाणी तांब्यात आणले, त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकून हाताने ढवळले, आणि तो घोट-घोट पीत असताना स्वतः समोर बसून राहिली. तिच्या घरातले पाणीही कोणीतरी डोक्यावरून वाहून आणलेले होते, हे आम्हाला निघताना दाराजवळचे हंडे पाहून समजले. त्यानंतर मी कधीही पाण्याच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही.

जलसंजीवनी घरी करायची असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. पुड्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात, प्रमाण चुकत नाही.

खायला काय न्यावे?

जे गार खाता येते, सांडत नाही आणि ज्याला वेष्टन लागत नाही ते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, लिंबाचे लोणचे, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. सर्व स्टीलच्या डब्यात. फळांच्या साली आणि बियाही परत आणाव्यात. ‘कुजून जाईल’ म्हणून टाकलेल्या सालींना माकडे सोकावतात आणि पुढच्या गटाच्या हातातील डब्यावर झडप घालतात. आत चूल, स्टोव्ह काहीही पेटवता येत नाही.

बिबट्या समोर आला तर?

बहुधा येणार नाही. २०१५ मध्ये कॅमेरा सापळे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली होती, म्हणजे प्राणी येथे नक्कीच आहे. परंतु तो आपल्याला पाहतो आणि बाजूला होतो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वाळूत उमटलेले ताजे ठसे, झाडाच्या खोडावर नखांचे ओरखडे, अचानक ओरडू लागलेली माकडे किंवा चितळे एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येते.

तरीही समोर आलाच तर पळू नये, खाली वाकू किंवा बसू नये, दगड मारू नये, त्याला घेरू नये. उभे राहावे, गटाने एकत्र यावे, लहान मूल असेल तर उचलून घ्यावे, आणि त्याला निघून जायला वाट ठेवून तोंड त्याच्याकडे ठेवत सावकाश मागे सरावे. पहाटेचा आणि संध्याकाळनंतरचा वेळ त्याचा आहे. सूर्य वर आल्यावर आत जावे आणि पाचच्या आत नाक्याबाहेर यावे, हा नियम आमच्या गटात कोणासाठीही मोडला जात नाही.

२००४ च्या सुमारास उद्यानाच्या कडेला माणसांवर अनेक हल्ले झाले होते. दुसरीकडे पकडलेले बिबटे येथे आणून सोडले जात होते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. २०११ मध्ये वनखात्याच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू झाला आणि लोकांशी बोलणे, कचरा हटवणे, वस्त्यांजवळ दिवे लावणे यांवर भर देण्यात आला. कचऱ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे: उघड्यावर अन्न पडले की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. आपण झुडपात टाकलेल्या अर्ध्या वडापावाचा हिशेब पाड्यावरच्या एखाद्या कुटुंबाला चुकवावा लागू शकतो.

वारली समाज वाघोबाला देव मानतो. लाकडावर किंवा दगडावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेली त्याची मूर्ती रानाच्या वाटेवर असते आणि दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याची पूजा होते. अशा ठिकाणी पादत्राणे लांब काढावीत आणि मूर्तीला हात लावू नये. घोडबंदर रस्त्यावरील वाघबीळ हे नाव आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो, पण ते नाव पडले त्या काळाचा विचार क्वचितच करतो.

साप, मधमाश्या आणि गोचिडी यांचे काय?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत, आणि पावसाळ्यात फांदीवर पानासारखा हिरवा चापडाही आढळतो. काठीने पुढचा पाचोळा हलवत चालावे, दगडाच्या कपारीत हात घालू नये, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर आधी पाय ठेवून पलीकडे पाहावे आणि मगच उतरावे. दंश झाल्यास चीर देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, घड्याळ काढावे, तो अवयव फळी किंवा काठी लावून स्थिर करावा, माणसाला चालू न देता उचलून रस्त्यावर आणावे आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

मोहोळ दिसल्यास आवाज न करता परत फिरावे. गोचिडींसाठी विजार मोज्यांत खोचावी.

वाट चुकलो तर काय करावे?

थांबावे. चुकल्याचे लक्षात आल्यावर पुढे चालत राहणे हीच मोठी चूक असते. सर्वांनी एका जागी बसून पाणी प्यावे, शेवटची ओळखीची खूण कोठे दिसली ते आठवावे आणि तेथपर्यंत आल्या वाटेनेच परत जावे. ओढ्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागते हा सल्ला येथे उपयोगी नाही, कारण ओढे कड्यांवरून खाली पडतात. वाट सापडली नाही तर शिट्टी तीन-तीन वेळा वाजवावी आणि नेटवर्क असेल तर ११२ किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधावा. घरच्यांकडे परवान्याची प्रत आणि परतण्याची वेळ लिहून ठेवलेली असावी.

पाड्यांवर कसे वागावे?

पाहुण्यासारखे. ही माणसे उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून येथे राहतात. कारवीच्या कुडाच्या भिंती सुंदर दिसतात म्हणून कोणाच्या अंगणात शिरून छायाचित्रे काढू नयेत. आधी विचारावे आणि नकार मिळाला तर मान द्यावा. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचेच असेल तर त्यांच्याकडून विकत घ्यावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला येथील स्त्रिया शेवळे, कोरळ, भारंगी, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या ठाण्याच्या बाजारात आणतात. शेवळ्याची खाज घालवण्यासाठी सोबत काकडाची फळे देतात आणि भाजी कशी करायची तेही सांगतात. तेथे घासाघीस करू नये.

शौचाची सोय काय?

घरून किंवा स्थानकावरून उरकून निघावे. तरीही वेळ आली तर वाटेपासून आणि पाण्यापासून निदान साठ मीटर दूर जावे, वीतभर खड्डा करून नंतर माती लोटावी, आणि कागद तसेच सॅनिटरी नॅपकिन वेगळ्या बंद पिशवीत घालून परत आणावेत. गटात मुली असतील तर ही गोष्ट निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावी, म्हणजे कोणी संकोचापोटी पाणी पिणे टाळत नाही.

घरचा कुत्रा, स्पीकर किंवा ड्रोन नेता येईल का?

तिन्ही नाही. कुत्र्यांपासून वन्य प्राण्यांना रोग लागतात.

राष्ट्रीय उद्यानात मुक्कामी भटकंती करायचीच असेल तर कोठे जावे?

महाराष्ट्रातील ताडोबा, पेंच यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांत जंगल वाहनातूनच पाहावे लागते. उत्तराखंडातील फुलांच्या दरीतही मुक्कामाला परवानगी नाही. राहायचे घांघरियाला आणि दरी दिवसा पाहून परतायचे. हिमाचलातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात मात्र परवाना काढून, स्थानिक वाटाड्या व हमाल घेऊन अनेक दिवसांची पायी भटकंती करता येते. कुल्लू जिल्ह्यातील हे उद्यान १९९९ मध्ये अधिकृतपणे अस्तित्वात आले आणि २०१४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तीर्थन खोऱ्यातील गुशैणी गावापासून रोल्याकडे जाणारी वाट पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी योग्य आहे. त्याच्या तयारीसाठी उपवन ते येऊरचा पाटोणपाडा हा डांबरी चढ दर रविवारी दहा किलोची सॅक घेऊन दोन महिने चढावा. याहून स्वस्त आणि चांगला सराव ठाण्यात दुसरा नाही.

परत आल्यावर काही करायचे असते का?

नाक्यावर नोंद केली असेल तर बाहेर पडल्याचीही नोंद करावी, नाहीतर वनरक्षक अंधार पडेपर्यंत तुमची वाट पाहत बसतात. मग बसमध्ये चढण्याआधी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे थांबून मोजे काढावेत. त्यांत कुसळे, आघाड्याचे बी आणि गोखरू अडकलेले असते. ते तेथेच एकेक करून वेचावे आणि जंगलाच्या बाजूला झटकावे. काखेत, गुडघ्यामागे, मानेवर गोचीड आहे का ते एकमेकांना पाहायला सांगावे. असल्यास चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. घरी गेल्यावर सॅक उलटी करून गॅलरीत झटकावी, बाटल्या उघड्या वाळत ठेवाव्यात आणि कचऱ्याची पिशवी ओल्या-सुक्यात वेगळी करून त्याच संध्याकाळी खाली न्यावी.